नोकरी सोडून पूर्णवेळ यूट्यूब करायचे असेल तर: मराठी चॅनेल चालवणाऱ्यांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

मराठीतून व्हिडिओ करून घर चालवणारी माणसे आज महाराष्ट्राच्या जवळपास प्रत्येक जिल्ह्यात सापडतात. कोणी स्वयंपाक शिकवते, कोणी गडकिल्ले दाखवते, कोणी कांद्याच्या रोपवाटिकेची माहिती देते, तर कोणी स्पर्धा परीक्षांचे वर्ग घेते. त्यांच्याकडे पाहून नोकरी सोडावी असे वाटणाऱ्यांची संख्या मोठी आहे आणि त्यांच्यातील बहुतेकांना व्हिडिओ कसा करायचा हे चांगले ठाऊक असते. अडचण येते ती पुढे: पैसा नेमका कुठून येतो, किती उशिरा येतो, त्यातला किती हाती राहतो आणि तो बंद पडला तर काय करायचे, हे कोणी नीट सांगत नाही. हा लेख त्या पुढच्या भागाविषयी आहे. नोकरी सोडणे ही या प्रवासातील शेवटची पायरी असावी, असे माझे ठाम मत आहे आणि खालचा क्रमही त्याच हिशेबाने लावला आहे.

पहिली पायरी: विषय वर्षभर पुरेल का, हे तपासणे

सुरुवातीला सुचलेले दहा-बारा विषय कोणालाही मिळतात. पूर्णवेळ कामासाठी मात्र वर्षाला शंभरच्या आसपास व्हिडिओ लागतात, आणि दुसऱ्या वर्षी पुन्हा तेवढेच. म्हणून एका वहीत शंभर शीर्षके लिहून पाहावीत. चाळीसाव्या शीर्षकाला हात अडखळला तर विषय अपुरा आहे किंवा त्यातील आपले ज्ञान अपुरे आहे असे समजावे. ज्या विषयात आपण लोकांना आधीपासून सल्ला देत आलो आहोत, तोच विषय बहुधा टिकतो. कृषी सेवा केंद्र चालवणाऱ्या माणसाला सोयाबीनवरील किडीचे व्हिडिओ करण्यासाठी नवा अभ्यास करावा लागत नाही आणि त्याच्या शब्दाला वजनही असते.

मराठी प्रेक्षकांचे वर्ष सणांवर आणि हंगामांवर चालते. उकडीचे मोदक, दिवाळीचा फराळ, संक्रांतीच्या गुळपोळ्या, पेरणीपूर्व बीजप्रक्रिया, दहावीनंतरचे प्रवेश, पावसाळ्यातील घाटवाटा हे विषय दरवर्षी त्याच सुमारास शोधले जातात, त्यामुळे एकदा नीट केलेला व्हिडिओ पुढची कित्येक वर्षे कमाई देत राहतो. त्यासाठी तो वेळेआधी पोहोचलेला असावा लागतो. चकलीची कृती वसुबारसेच्या आदल्या दिवशी टाकून फारसा उपयोग होत नाही, कारण तोवर बहुतेक घरांत भाजणी दळून आलेली असते. तो व्हिडिओ दोन-तीन आठवडे आधी जायला हवा. राजकीय घडामोडी किंवा व्हायरल प्रकरणांवरील व्हिडिओ दोन दिवस जोरात चालतात आणि नंतर थंडावतात. असे चॅनेल चालवणाऱ्याला रोज नव्याने कमवावे लागते. दोन्ही मार्ग खुले आहेत, पण कुटुंबाची जबाबदारी असलेल्या नवख्याने किमान निम्मे व्हिडिओ टिकणाऱ्या विषयांवर करावेत.

दुसरी पायरी: कमाईची पात्रता मिळवणे

यूट्यूबच्या पार्टनर प्रोग्रॅममध्ये, म्हणजे निर्मात्यांना कमाई देणाऱ्या योजनेत, जाहिरातींचा वाटा मिळण्यासाठी १,००० सबस्क्रायबर आणि मागच्या १२ महिन्यांत ४,००० तासांचा सार्वजनिक वॉच टाइम लागतो, किंवा तासांऐवजी मागच्या ९० दिवसांत शॉर्ट्सना, म्हणजे छोट्या उभ्या व्हिडिओंना, १ कोटी व्ह्यूज लागतात. त्याच्या आधीची एक पायरी २०२३ पासून आली आहे. ५०० सबस्क्रायबर, ९० दिवसांत किमान ३ सार्वजनिक व्हिडिओ, आणि ३,००० तास किंवा शॉर्ट्सचे ३० लाख व्ह्यूज झाले, की मेंबरशिप (चॅनेलचे सशुल्क सभासदत्व) आणि सुपर चॅट (थेट प्रक्षेपणात प्रेक्षकाने पैसे देऊन पाठवलेला संदेश) यांसारखी साधने उघडतात. जाहिरातीचे पैसे मात्र पुढच्या पायरीवरच मिळतात.

४,००० तास म्हणजे २,४०,००० मिनिटे. एक प्रेक्षक सरासरी चार मिनिटे थांबत असेल तर साठ हजार व्ह्यूज लागतील, दोनच मिनिटे थांबत असेल तर एक लाख वीस हजार. म्हणून सुरुवातीच्या काळात सबस्क्रायबरच्या आकड्यापेक्षा प्रेक्षक किती वेळ थांबतो याकडे अधिक लक्ष द्यावे. शॉर्ट्स फीडमध्ये पाहिला गेलेला वेळ या ४,००० तासांत धरला जात नाही, हेही अनेकांना उशिरा कळते. एकमेकांना सबस्क्राइब करण्याच्या गटांत किंवा पैसे देऊन व्ह्यूज मिळवण्याच्या जाहिरातींत मुळीच अडकू नये. ते नियमबाह्य आहे, आणि असे प्रेक्षक पुढचा एकही व्हिडिओ पाहत नसल्यामुळे चॅनेलची वाढही तिथेच खुंटते.

अर्ज केल्यावर यूट्यूब चॅनेलची तपासणी करते. इतरांच्या क्लिप जोडून केलेले, बातमीपत्रातील मजकूर यांत्रिक आवाजात वाचलेले किंवा एकाच साच्यातून शेकड्याने काढलेले व्हिडिओ असतील तर अर्ज नाकारला जातो. जुलै २०२५ मध्ये यूट्यूबने हा नियम अधिक स्पष्ट शब्दांत मांडला. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांना बंदी नाही, पण आपला आवाज, आपले निरीक्षण किंवा आपली मेहनत व्हिडिओत दिसली पाहिजे, आणि खरी वाटतील अशी कृत्रिम दृश्ये वापरली असतील तर अपलोड करतानाच तसे नमूद केले पाहिजे.

तिसरी पायरी: जाहिरातीच्या उत्पन्नाचे गणित स्वतःच्या आकड्यांवर मांडणे

लांब व्हिडिओवरील जाहिरातींच्या उत्पन्नातील ५५ टक्के निर्मात्याला मिळतात. शॉर्ट्समध्ये निर्मात्यांच्या वाट्याला आलेल्या एकत्रित रकमेतून व्ह्यूजच्या प्रमाणात ४५ टक्के मिळतात आणि प्रत्यक्ष हाती येणारी रक्कम लांब व्हिडिओंच्या तुलनेत फार लहान असते. शॉर्ट्समुळे ओळख वाढते, पण फक्त त्यांच्या जाहिरातींवर घर चालवण्याचा बेत करू नये. लांब व्हिडिओ ८ मिनिटे किंवा त्याहून मोठा असेल तर मध्ये जाहिराती लावता येतात. मात्र पाच मिनिटांचा विषय ताणून आठवर नेला की प्रेक्षक उठून जातो आणि एकूण नुकसानच होते.

यूट्यूब स्टुडिओत आरपीएम नावाचा आकडा दिसतो. दर हजार व्ह्यूजमागे आपल्या हाती किती रुपये पडले, हे तो सांगतो. इतरांचे स्क्रीनशॉट पाहून अंदाज बांधण्यात अर्थ नाही, कारण हा दर विषय, प्रेक्षकाचा देश आणि महिना यांनुसार खूप बदलतो. आर्थिक नियोजन, तंत्रज्ञान आणि घरबांधणीच्या व्हिडिओंना महागड्या जाहिराती मिळतात. विनोदी किंवा कीर्तनाच्या व्हिडिओंना व्ह्यूज जास्त असले तरी दर बहुधा कमी असतो. अमेरिका, ब्रिटन किंवा आखाती देशांतील मराठी कुटुंबे पाहत असतील तर दर चढतो. गणपतीपासून दिवाळीपर्यंत जाहिरातदार हात सैल सोडतात आणि दिवाळी संपली की दर उतरतो. म्हणून ऑक्टोबरचे उत्पन्न पाहून राजीनाम्याचा विचार कधीही करू नये.

समजा, आपला वर्षाचा सरासरी आरपीएम ४० रुपये आहे आणि घरखर्चाला महिन्याला ४०,००० रुपये लागतात. तर महिन्याला १० लाख व्ह्यूज लागतील. दर ८० रुपये असेल तर ५ लाख पुरतील. यात शूटिंगचा प्रवास, साहित्य, एडिटरचे पैसे, इंटरनेट आणि कर धरलेले नाहीत. ते धरले की आकडा दीडपटीच्या पुढे जातो. हे गणित कागदावर मांडले की बहुतेकांच्या लक्षात येते की केवळ जाहिरातींच्या जोरावर मराठी चॅनेल पूर्णवेळ चालवणे कठीण आहे. २०११ च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असलेले लोक ८ कोटी ३० लाख होते, म्हणजे बाजारपेठ लहान नाही, पण हिंदी चॅनेलला सहज मिळणारा पसारा आपल्याला मिळत नाही. त्याच्या बदल्यात मराठी प्रेक्षक जवळचा असतो, विश्वास ठेवतो, प्रश्न विचारतो आणि सांगितलेली वस्तू विकतही घेतो. पूर्णवेळ होण्याचा मार्ग या विश्वासातून निघतो.

चौथी पायरी: दुसरा आणि तिसरा उत्पन्नाचा स्रोत नोकरीत असतानाच उभा करणे

टिकलेली मराठी चॅनेल पाहिली तर दुसऱ्या स्रोताचे महत्त्व स्पष्ट दिसते. मधुरा बाचल यांनी २००९ मध्ये अमेरिकेत असताना ‘मधुराज रेसिपी’ या नावाने पाककृतींचे व्हिडिओ सुरू केले आणि पुढे त्याच नावाने मसालेही आणले. २०१६ मध्ये सुरू झालेल्या भाडिपा (भारतीय डिजिटल पार्टी) या विनोदी चॅनेलने यूट्यूबबरोबर प्रत्यक्ष रंगमंचावरील कार्यक्रम, ब्रँडसाठी केलेले व्हिडिओ आणि इतर प्लॅटफॉर्मसाठीची निर्मिती असे काम केले. यांपैकी कोणाचाही आकार नवख्याने लगेच गाठायचा नाही, पण रचना समजून घ्यावी. व्हिडिओमुळे ओळख तयार होते आणि त्या ओळखीवर दुसरे काम उभे राहते.

नवख्यासाठी हे दुसरे काम बहुधा लहान आणि स्थानिक असते. कोकणातील व्लॉगर घरगुती निवासाच्या व्यवसायांसाठी पैसे घेऊन व्हिडिओ करू शकतो. शिवणकाम शिकवणारी ताई कटिंगचा सशुल्क ऑनलाइन वर्ग घेऊ शकते. स्पर्धा परीक्षांवर बोलणारा शिक्षक सरावप्रश्नांचे संच विकू शकतो. एखादा चांगला एडिटर स्वतःच्या चॅनेलबरोबर तालुक्यातील दुकानदारांचे व्हिडिओही करून देऊ शकतो, आणि सुरुवातीच्या दोन वर्षांत याच कामातून जाहिरातींपेक्षा जास्त पैसे मिळण्याची शक्यता असते. त्यात कमीपणा वाटून घेण्याचे काही कारण नाही.

ब्रँडच्या कामाचा भाव सबस्क्रायबरच्या आकड्यावर लावू नये. मागच्या दहा व्हिडिओंचे सरासरी व्ह्यूज, प्रेक्षक कोणत्या जिल्ह्यांतले आहेत आणि आपले किती दिवस खर्च होणार, यांवर लावावा. तोंडी बोलण्यावर काम सुरू करू नये. किती मिनिटांचा उल्लेख, किती वेळा बदल करून द्यायचे, व्हिडिओ कधी जाणार, तो ब्रँडला स्वतःच्या जाहिरातीत किती महिने वापरता येणार, त्या काळात प्रतिस्पर्धी कंपनीचे काम घेता येणार की नाही आणि पैसे किती दिवसांत मिळणार, एवढे मुद्दे किमान ईमेलवर लेखी असावेत. निम्मी रक्कम आगाऊ मागावी. उरलेले पैसे महिना-दोन महिन्यांनी येणे सर्रास घडते, आणि नोकरीच्या पगारावर सवयीने जगणाऱ्या माणसाला ही दिरंगाई सर्वांत जास्त जाचते.

एजन्सी किंवा नेटवर्क काम आणून देतात, पण करार वाचल्याशिवाय सही करू नये. त्यांनी आणलेल्या कामावर टक्केवारी देणे रास्त आहे. आपण स्वतः मिळवलेल्या कामावर किंवा यूट्यूबच्या जाहिरात उत्पन्नावर त्यांनी हक्क सांगणे, किंवा तीन-चार वर्षे बाहेर पडता न येणे, हे मान्य करू नये.

पाचवी पायरी: जाहिरात असेल तर तसे सांगणे, आणि कायद्याच्या चौकटीत राहणे

भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये आणि केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये इन्फ्लुएन्सरसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. पैसे घेतले असोत, वस्तू मोफत मिळाली असो, हॉटेलात फुकट राहिलो असू किंवा सवलत घेतली असो, ते प्रेक्षकाला स्पष्ट कळले पाहिजे. व्हिडिओत हा खुलासा ऐकूही यावा आणि दिसावाही, केवळ खालच्या वर्णनात दडवलेला नसावा, आणि व्हिडिओ ज्या भाषेत आहे त्याच भाषेत असावा. म्हणजे आपण मराठीत बोलत असू तर ‘ही जाहिरात आहे’ हे मराठीतच सांगायचे. दिशाभूल करणाऱ्या प्रसिद्धीसाठी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसेच केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. दंडाचा भाग बाजूला ठेवला तरी, गावाकडची एखादी मावशी आपल्या शब्दावर केस गळती थांबवणारे तेल मागवते तेव्हा तिच्या पैशाची जबाबदारी आपल्यावर असते. स्वतः वापरून न पाहिलेली वस्तू दाखवू नये, आणि झटपट परतावा देणाऱ्या योजना, सट्ट्याची ॲप आणि आजार बरा करण्याचे दावे कितीही पैसे मिळत असले तरी नाकारावेत.

शेअर बाजारावर व्हिडिओ करणाऱ्यांनी विशेष जपावे. नोंदणी नसताना गुंतवणुकीचा सल्ला देण्यावर सेबी या शेअर बाजाराच्या नियामक संस्थेचे निर्बंध आहेत, आणि शिक्षण म्हणून बोलतानाही ताज्या भावांचा वापर करता येत नाही, तीन महिने जुनी माहितीच वापरावी लागते.

कॉपीराइटबाबत ‘सात सेकंदांपर्यंत गाणे चालते’ यासारख्या समजुती पसरलेल्या आहेत आणि त्या खोट्या आहेत. कायद्यात असा सेकंदांचा हिशेब कोठेही नाही. ९० दिवसांत तीन कॉपीराइट स्ट्राइक (हक्कधारकाच्या तक्रारीवरून यूट्यूबने दिलेले इशारे) आले तर चॅनेल बंद होऊ शकते. लग्नाच्या वरातीत किंवा जत्रेत मागे वाजणाऱ्या गाण्यामुळेही दावा येतो, म्हणून अशा ठिकाणी आवाज वेगळा घ्यावा किंवा तेवढा भाग म्यूट करावा. रायगडासारख्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यातील वास्तूंवर ड्रोन उडवायचा किंवा व्यावसायिक चित्रीकरण करायचे असेल तर आधी परवानगी घ्यावी. ड्रोनसाठी २०२१ च्या नियमांनुसार सरकारच्या डिजिटल स्काय व्यवस्थेवर कोणता भाग हिरवा, पिवळा किंवा लाल आहे हेही पाहावे.

सध्या नोकरीत असलेल्यांनी नियुक्तीपत्रही काढून वाचावे. खासगी कंपन्यांच्या करारांत दुसरा व्यवसाय करण्यास मनाई असते, आणि राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू असल्याने पूर्वपरवानगीशिवाय असे उत्पन्न घेणे शिस्तभंगाचे कारण ठरू शकते. घरातील दुसऱ्या कोणाच्या नावावर चॅनेल दाखवून हा प्रश्न सुटत नाही.

सहावी पायरी: पैसा, बँक आणि कर

यूट्यूबचे पैसे ॲडसेन्स या गूगलच्या सेवेमार्फत येतात. खात्यात १० डॉलर जमले की पत्ता पडताळणीसाठी पिन असलेले पत्र टपालाने येते. ग्रामीण पत्त्यावर ते हरवण्याची शक्यता असल्याने पोस्टमनला आधी सांगून ठेवावे आणि पत्ता आधारकार्डावर आहे तसाच द्यावा. शिल्लक १०० डॉलर झाल्यावर पुढच्या महिन्याच्या २१ ते २६ तारखेच्या दरम्यान पैसे पाठवले जातात. म्हणजे जूनमधील व्ह्यूजचे पैसे जुलैच्या अखेरीस हाती येतात.

करविषयक अर्ज ॲडसेन्समध्ये भरणे टाळू नये. तो भरला नाही तर एकूण कमाईवर २४ टक्क्यांपर्यंत अमेरिकी कर कापला जाऊ शकतो. पॅन क्रमांक देऊन भारत-अमेरिका कराराचा लाभ मागितला तर केवळ अमेरिकेतील प्रेक्षकांकडून आलेल्या उत्पन्नावर १५ टक्के कापले जातात, आणि त्या कपातीचे श्रेय भारतात विवरणपत्र भरताना मागता येते.

भारतात हे उत्पन्न व्यवसायाचे धरले जाते. वर्षाचा कर १०,००० रुपयांच्या वर जाणार असेल तर आगाऊ कर भरावा लागतो. त्याचे हप्ते साधारणपणे १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च या तारखांना येतात. पगारातून कर कापला जात असल्याने ही सवय बहुतेकांना नसते आणि मार्चमध्ये एकदम मोठी रक्कम उभी राहते. प्रत्येक जमा रकमेतील पंचवीस ते तीस टक्के त्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाकावेत. ते कराचे पैसे आहेत असे समजून त्यांना हात लावू नये. ब्रँडने दिलेला मोबाइल किंवा मिक्सर आपण ठेवून घेतला तर तोही उत्पन्नात मोजला जातो, आणि वर्षाला २०,००० रुपयांवरील अशा लाभांवर १० टक्के टीडीएस (देणाऱ्यानेच आधी कापून भरायचा कर) लावण्याचा नियम जुलै २०२२ पासून आहे.

वर्षाची एकूण उलाढाल २० लाखांपुढे गेली की जीएसटी नोंदणीचा प्रश्न येतो. परदेशातून येणारे जाहिरात उत्पन्न सेवेची निर्यात ठरत असेल तर त्यावर प्रत्यक्ष कर लागत नाही, पण उलाढाल मोजताना ते धरले जाते, आणि देशातील ब्रँडच्या बिलावर १८ टक्के जीएसटी लावावा लागतो. या टप्प्यावर आधीच चांगला सीए गाठावा. त्याची वर्षाची फी एका चुकीच्या नोटिशीच्या तुलनेत किरकोळ असते. त्याशिवाय वेगळे बँक खाते, लहान उद्योगांसाठी मोफत मिळणारी उद्यम नोंदणी आणि कॅमेऱ्यापासून प्रवासापर्यंत प्रत्येक खर्चाचे बिल, एवढी शिस्त पहिल्या महिन्यापासून लावावी.

सातवी पायरी: चॅनेल मालमत्तेसारखे सांभाळणे

अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील सारोळा कासार गावच्या सुमन धामणे यांचे ‘आपली आजी’ हे चॅनेल ऑक्टोबर २०२० मध्ये हॅक झाले होते. या आजी आणि त्यांचा नातू यश पाठक यांनी उभे केलेले ते काम काही दिवसांनी परत मिळाले, पण प्रत्येकाला ते मिळतेच असे नाही. आजकालची नेहमीची पद्धत अशी: मोठ्या ब्रँडच्या नावाने ईमेल येतो, करार किंवा नमुना म्हणून एक फाइल पाठवली जाते, ती संगणकावर उघडताच लॉगिनची माहिती चोरली जाते, आणि मग दोन टप्प्यांची पडताळणी चालू असूनही उपयोग होत नाही. म्हणून चॅनेलचा ईमेल सार्वजनिक संपर्काच्या ईमेलपेक्षा वेगळा ठेवावा, अनोळखी फाइल चॅनेलच्या संगणकावर उघडू नये, आणि एडिटरला पासवर्ड न देता यूट्यूब स्टुडिओतील परवानग्यांमधून मर्यादित प्रवेश द्यावा. मूळ फुटेज आणि तयार व्हिडिओ दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर असावेत.

चॅनेल सुरक्षित राहिले तरी प्लॅटफॉर्म राहीलच असे नाही. २९ जून २०२० रोजी टिकटॉकवर बंदी आली तेव्हा लाखोंचे प्रेक्षक असलेल्या ग्रामीण कलाकारांचे काम एका रात्रीत थांबले. इन्स्टाग्राम, फेसबुक, व्हॉट्सॲप चॅनेल, आणि जमल्यास इच्छुक प्रेक्षकांची स्वतःकडील संपर्क यादी, असे दोन-तीन धागे चालू ठेवले तर एक तुटल्यावर सगळे सुटत नाही.

आठवी पायरी: पूर्णवेळ कामाची आधीच चाचणी घेणे

शनिवार-रविवार व्हिडिओ करणे आणि आठवड्याचे सहा दिवस तेच करणे यांत मोठा फरक आहे. विषय शोधणे, लिहिणे, शूटिंग, एडिटिंग, थंबनेल, शीर्षक, प्रतिक्रियांना उत्तरे, ब्रँडशी पत्रव्यवहार, बिले, ही सगळी कामे एकाच माणसावर येतात आणि कॅमेऱ्यासमोरचा वेळ त्यात सर्वांत कमी असतो. शक्य असेल तर साठलेली रजा एकत्र घेऊन तीन-चार आठवडे ठरलेल्या वेळेत, घरीच, नोकरीप्रमाणे काम करून पाहावे आणि प्रत्येक कामाला किती तास गेले हे लिहून ठेवावे. या नोंदीतून दोन गोष्टी कळतात: एक व्हिडिओ प्रत्यक्षात किती तासांचा आहे, आणि घरातले लोक या दिनक्रमाला कितपत सरावतील. दोन खोल्यांच्या घरात शूटिंगच्या वेळी कुकरची शिट्टी, टीव्ही, शेजारचे ड्रिल, पाहुणे आणि भारनियमन या खऱ्या अडचणी असतात. पहाटेची वेळ ठरवणे किंवा एखादी खोली काही तासांसाठी भाड्याने घेणे, असे उपाय आधीच आजमावून पाहावेत.

उपकरणांवर या टप्प्यापर्यंत फार खर्च करू नये. बरा मोबाइल, कॉलर माईक, ट्रायपॉड आणि खिडकीचा उजेड यांवर पात्रता नक्की गाठता येते. आवाज खराब असेल तर प्रेक्षक लगेच जातो, म्हणून पहिला पैसा माईकवर आणि पुढचा मोठा खर्च एडिटरवर करावा. हप्त्याने घेतलेला महागडा कॅमेरा ही नवख्यांची मोठी डोकेदुखी ठरते, कारण उत्पन्न कमी-जास्त होते, हप्ता होत नाही.

घरातील मुलांना व्हिडिओत आणण्याचा मोह पुष्कळांना होतो, कारण त्यांना व्ह्यूज मिळतात. लहान मुलाची शाळा, गणवेश, ये-जा करण्याची वेळ, आजारपण आणि रडणे प्रेक्षकांपुढे जाऊ नये, असे मी कळकळीने सांगेन. ते मूल मोठे झाल्यावर त्याला हे सगळे पुसता येणार नाही. मुलांसाठी म्हणून केलेल्या व्हिडिओंवर वैयक्तिक जाहिराती लागत नाहीत आणि प्रतिक्रिया बंद राहतात, त्यामुळे बालगीतांचे चॅनेल काढणाऱ्यांनी कमी उत्पन्नाचा हिशेब आधीच धरावा.

घाणेरड्या प्रतिक्रिया, विशेषतः स्त्रियांच्या चॅनेलवर, हा रोजचा त्रास आहे. स्टुडिओत शब्दांची यादी देऊन त्या रोखता येतात. ती यादी मराठीत देवनागरी आणि रोमन अशा दोन्ही लिप्यांत भरावी. धमकी आली तर स्क्रीनशॉट ठेवून सायबर पोलिसांकडे तक्रार करावी, एकट्याने सोसू नये.

नववी पायरी: राजीनामा

माझ्या मते पुढील गोष्टी एकत्र जुळल्याशिवाय राजीनामा देऊ नये. सर्व स्रोतांचे मिळून, कर आणि खर्च वजा जाता उरलेले उत्पन्न सलग बारा महिने घरखर्चाला पुरलेले असावे. बारा महिने यासाठी की त्यात दिवाळीची भरती आणि नंतरची ओहोटी दोन्ही येतात. कोणत्याही एका स्रोताचा वाटा निम्म्याहून अधिक नसावा. घरखर्चाचे किमान नऊ ते बारा महिन्यांचे पैसे मुदत ठेवीत बाजूला असावेत, आणि ते उपकरणांसाठी वापरायचे नाहीत हे घरात ठरलेले असावे. किमान दीड महिन्याचे व्हिडिओ तयार असावेत, म्हणजे आजारपण किंवा घरातील कार्य आले तरी चॅनेल थांबणार नाही.

काही कामे पगार चालू असतानाच उरकावीत. घरकर्ज घ्यायचे असेल तर ते आधी घ्यावे, कारण स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्याकडे बँका सहसा दोन-तीन वर्षांची विवरणपत्रे मागतात. कंपनीचा आरोग्य विमा नोकरीबरोबर संपतो, म्हणून कुटुंबाचा स्वतंत्र विमा आधी काढावा आणि आधीपासून असलेल्या आजारांचा प्रतीक्षाकाळ नोकरीतच सुरू होऊ द्यावा. भविष्यनिर्वाह निधी काढून कॅमेरा घेऊ नये. वरिष्ठांशी संबंध चांगले ठेवून बाहेर पडावे, नोटिशीचा काळ पूर्ण करावा आणि अनुभवपत्र घ्यावे. शक्य असेल तर अर्धवेळ किंवा सल्लागार म्हणून काही महिने जोडलेले राहावे. शिक्षक, लेखापाल, परिचारिका, प्रोग्रॅमर यांना हा मार्ग बहुधा खुला असतो आणि तो सर्वांत सुरक्षित आहे.

घरच्यांशी बोलताना यशस्वी चॅनेलची उदाहरणे देण्याऐवजी स्वतःच्या चॅनेलचे बारा महिन्यांचे जमाखर्च दाखवावेत. आईवडिलांची किंवा जोडीदाराची शंका बहुतेक वेळा ‘पैसे किती आणि कधी’ एवढीच असते, आणि तिला आकड्यांनी उत्तर देता येते. त्याच बैठकीत परतीची अटही ठरवून लिहून ठेवावी. उदाहरणार्थ, बाजूला ठेवलेल्या रकमेतील निम्मे पैसे संपले, किंवा सलग सहा महिने उत्पन्न घरखर्चाच्या खाली राहिले, तर नोकरी शोधायला सुरुवात करायची आणि चॅनेल पुन्हा शनिवार-रविवारवर न्यायचे. नोकरी शोधायला तीन-चार महिने सहज लागतात, म्हणून पैसे पूर्ण संपेपर्यंत थांबू नये. चॅनेल बंद करण्याचीही गरज नसते. महिन्यातून दोन व्हिडिओ जात राहिले तरी जुने व्हिडिओ पाहिले जातात, तर सहा महिने काहीच टाकले नाही तर यूट्यूब कमाईची सुविधा काढून घेऊ शकते.